चालू खर्च

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात जेवढे पंखे तेवढे दाते, हे मान वर केली की कळतं. प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात मजकूर घातलेला आहे. एका पात्यावर नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर 'हल्ली मुक्काम घाटकोपर'. पंखा सुरू झाला की यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तरी दरवर्षी सप्ताहाच्या तोंडावर मुंबईहून कुणीतरी पंखाच घेऊन येतो. शाळेतही तोच प्रकार. भिंतीवरचं घड्याळ, बाकं, कपाट, पाण्याची टाकी, व्हरांड्यातली फरशी, सगळ्यांना कुणाचं ना कुणाचं नाव आहे. लग्नकार्याला देवळातून आणायच्या पातेल्यांवरसुद्धा नावं घातलेली आहेत आणि ती भांडी घासणाऱ्या बायकांना तोंडपाठ असतात.

यात चेष्टा करण्यासारखं फारसं नाही. त्यातली निम्मी नावं 'कै.'ने सुरू होतात. ज्याचं आयुष्य गिरणीत गेलं त्याला आईच्या शेवटच्या आजारपणात गावी राहता आलेलं नसतं. मग तो तिच्या नावानं देवळात पंखा लावतो. त्याला दुसरं काय करता येणार? मोठ्यांनीही तेच केलं. धोंडो केशव कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज एसएनडीटी म्हणून मोकळ्या होणाऱ्या किती मुलींना ठाऊक असेल, की ही चार अक्षरं कुणाच्या तरी आईची आहेत? तर नावाबद्दल माझी तक्रार नाही. पंखा फिरायला जी वीज लागते तिचं बिल कुणी द्यायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मला पडला त्याला कारण आमचे तात्या.

तात्या म्हणजे माझे वडील, माणदेशातले. मृगाकडे डोळे लावून बसायचं आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचं, असा आमचा मुलूख. चौथीनंतर शिकायचं तर घर सोडावं लागे, आणि घर सोडायला पैसे लागत. तात्या साताऱ्याला गेले ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात. भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ साली, कराडजवळच्या काले गावी. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले, तेव्हा त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. तात्या गेले तोवर महाराजा सयाजीराव हायस्कूलही उभं राहिलं होतं. भाऊरावांना तात्या आयुष्यभर 'अण्णा' म्हणत राहिले, सख्ख्या थोरल्या भावाला म्हणावं तसे.

बोर्डिंगच्या इमारतीबद्दल मात्र तात्यांनी आम्हाला कधी काही सांगितलं नाही. भिंती कशाच्या, छप्पर कसलं, कोनशिला कुणाच्या हातची, त्यांना आठवतच नसावं. आठवायची ती भाकरी. आज ज्वारीची होती की बाजरीची, आमटीत डाळ किती आणि पाणी किती, थापायची पाळी कुणाची, कुणाची भाकरी तव्यावरच मोडायची. ते सांगत, "आम्ही धान्यावर शिकलो." हे धान्य कुठून येई, तर मुठीमुठीतून. गावोगावच्या बायका दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढत, ते एका मडक्यात साठे आणि संस्थेचा माणूस आला की त्याच्या पोत्यात पडे. मुष्टिफंड म्हणत त्याला. या मुठीवर नाव कुठे घालणार? एका बाईची ज्वारी पोत्यात दुसरीच्या ज्वारीत मिसळली की तिची उरतच नाही. दुष्काळी सालात मूठ लहान होत असणार हे उघड आहे. पण ती बंद पडली नाही, म्हणून पोरं जेवली.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही हकिगत साताऱ्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. भाषणांत ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मंगळसूत्र मोडून काय आणलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणलं धान्य. चार दिवसांत संपणारी, पाचव्या दिवशी पुन्हा लागणारी वस्तू. सोनं देऊन त्यांनी कुठे आपली खूण ठेवली नाही, पोरांच्या पोटात घातलं. हिशेबाच्या वहीत याला चालू खर्च म्हणतात. मी जन्मभर बँकेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे मला हा शब्द मंगळसूत्राइतकाच पवित्र वाटतो, असं म्हटलं तर घरातले हसतात.

भाऊरावांना फुकटचं जेवण मुलांच्या अंगी लागेल असं वाटत नव्हतं. कमवा आणि शिका, हा त्यांचा दंडक. मुलं शेतात राबत, पाणी शेंदत, खडी फोडत, दगडमाती वाहत. तात्यांच्या तळहाताला जे घट्टे होते ते आधी शेतीचे आणि मग शिक्षणाचे. यातून एक गोष्ट आपोआप साधली. आपण कुणाच्या उपकारावर जगतोय असं ओझं त्या मुलांच्या मानेवर बसलं नाही. घेणारा त्याच दिवशी थोडा देणाराही होता. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या पिढ्याही मोठ्या झाल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून त्यांतली मुलं पुढे विद्वान झाली. त्या घरांनी दिलं हे खरंच. पण ज्या घरी वार असे त्या घरच्या बाईचा त्या दिवशीचा चेहरा पाहून पानावर बसायचं, हे सोपं नव्हतं, असं वार लावून जेवलेले लोकच लिहून गेले आहेत. आणि दुसरी गोष्ट, वाराची घरं जात पाहून मिळत. त्या पंगतीत आमच्या तात्यांना पाट नव्हता.

हा पाटाचा प्रश्न आपल्याकडच्या दातृत्वात जिथेतिथे आडवा येतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं काढली, ती बहुतेक एकेका समाजाची होती, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, कारण एका जातीच्या मुलाला दुसरीच्या खोलीत कोण राहू देणार? अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं १९०८ साली. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहणारा विद्यार्थी भाऊराव त्या समारंभाला गेला, परत आल्यावर आंघोळ करायला तयार झाला नाही आणि वसतिगृहातून बाहेर पडला, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आपल्याच समाजानं आपल्याच मुलांसाठी चालवलेली खोली, आणि तिच्यात शिरायची अट एक आंघोळ. पुढे याच माणसानं सातारच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली, ते काही आकाशातून सुचलेलं नव्हतं.

आज 'समाजाचं ऋण' हे शब्द व्यासपीठावर फार ऐकू येतात. त्यामागे बहुतेक वेळा वधूवर मेळावा असतो, नाहीतर गुणवंतांचा सत्कार, आणि गुणवंतांची यादी आडनावं चाळून केलेली. आपल्या माणसांसाठी करणं वाईट नाही. सुरुवात तिथूनच होते. पण तिथेच थांबलेलं देणं मला भाऊबंदकीतल्या आहेरासारखं वाटतं, वहीत लिहून ठेवलेलं, कधीतरी परत येणारं.

याउलट एक उदाहरण मी नोकरीत जवळून पाहिलं. आमच्या शाखेतले बाबासाहेबांना मानणारे सहकारी, त्यांत शिपाईही होते आणि अधिकारीही, पगार झाला की पहिल्यांदा एक छोटी रक्कम बाजूला काढत. कुणा मुलाची परीक्षा फी, कुठल्या अभ्यासिकेचं भाडं, कुणाचा गावाकडून मुंबईला येण्याचा खर्च. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज. आपण शिकलो ते अशा दारांतून, तेव्हा दार उघडं ठेवायचा खर्च आपलाच, असा त्यांचा सरळ हिशेब. अलीकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी वही-पेन आणण्याचं आवाहन होतं. हार संध्याकाळी सुकतो आणि वही जून महिन्यात कुठल्यातरी दप्तरात जाते. आमच्या देवस्थानांना हे अजून जमलेलं नाही, हे मी वारकरी घरातला असूनही म्हणतो, किंवा वारकरी घरातला म्हणूनच म्हणतो.

गाडगेबाबांचं नाव इथे यायलाच हवं, कारण देण्याचा क्रम त्यांनी उलटा केला. गावात शिरले की आधी खराटा, मग कीर्तन, आणि भाकरी सगळ्यात शेवटी. घेण्याआधी देऊन टाकायचं. धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःचा मुक्काम तिथे ठेवला नाही. पंढरपूरची आपली धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवून टाकली. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घ्यायला गावाकडून आलेली माणसं तिथे उतरतात. आमच्या नात्यातल्या एका बाईंसोबत मी तिथे राहिलोय. ती जागा चालते ती रोज धुतल्या जाणाऱ्या चादरींवर, वेळेवर शिजणाऱ्या भातावर आणि पहाटे जिने पुसणाऱ्या माणसांवर. हे रोजचं चालवणं इमारतीपेक्षा महाग आहे, कारण ते कधी पूर्ण होत नाही.

तात्या पुढे प्राथमिक शिक्षक झाले. बोर्डिंगचं देणं फेडायचं, असं काही ते कधी बोलले नाहीत. त्यांनी एवढंच केलं की आमच्या घरात कायम एखादा परका मुलगा शिकायला असे. कुठल्या वाडीवरचा, कुठल्या तांड्यावरचा. त्यातला एक आला तेव्हा आजीनं त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. ती कारण बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही, सगळ्यांना ते माहीत होतं. तात्यांनी आजीशी वाद घातला नाही, सुधारणेवर भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः त्या तांब्यानं पाणी पिऊ लागले. आता आजीची पंचाईत झाली. शाळामास्तर झालेल्या एकुलत्या एका मुलाचा तांब्या वेगळा कसा ठेवायचा? काही दिवस तिनं ते चालवलं, मग एके दिवशी दोन्ही तांबे एकाच फळीवर आले. त्या मुलाला यातलं किती कळलं कोण जाणे. तो पुढे कृषी खात्यात लागला.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकणारे तात्यांचं कौतुक करतात. पण त्या पोरांच्या भाकऱ्या कुणी थापल्या? आईनं. पहाटे उठून जात्यावर, नंतरच्या काळात डोक्यावर डबा घेऊन गिरणीवर, दोन भाकऱ्या जास्त, एक डबा जास्त, धुण्यात एक सदरा जास्त. तात्यांच्या निवृत्तीच्या समारंभात वक्ते 'गुरुजींनी कित्येक मुलं घरी ठेवून शिकवली' असं म्हणाले आणि आई मागच्या रांगेत बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. दातृत्वाच्या आपल्या यादीत घरमालकाचं नाव असतं आणि चूल दुसऱ्याची असते. लक्ष्मीबाईंचं नाव निदान लोकांना ठाऊक आहे. मुष्टिफंडातल्या बायकांचं एकही नाव कुठे नाही, आणि मला वाटतं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं दान त्यांचंच असेल.

मागणं हे देण्याहून अवघड, हेही आपण विसरतो. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले पैसे गोळा करत हिंडल्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटी थेट अमेरिकेत गेल्या. इंग्रजी जेमतेम, कोकणातली विधवा बाई, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. देणाऱ्यांच्या पाट्या लागतात. अनोळखी दारात उभं राहून 'संस्थेसाठी काही द्या' म्हणणाऱ्याची पाटी मी तरी पाहिलेली नाही.

आता देण्यालाही कायदा आला आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. पैसा आला, हे चांगलंच झालं. पण तोही पंख्याच्या वाटेनंच जास्त जातो असा माझा अनुभव आहे. संगणक कक्ष, पाणी शुद्ध करणारं यंत्र, दप्तरं. वाटपाच्या दिवशी बॅनर लागतो, मुलांना ओळीनं उभं करतात, दप्तर पुढे धरायला सांगतात आणि फोटो निघतो. त्या फोटोंतली मुलं क्वचितच हसतात. त्यांना उन्हात फार वेळ थांबवलेलं असतं, हे एक कारण. दुसरं मला असं वाटतं, की मुलाला कळतं; आपण इथे घेणाऱ्याच्या वेशात उभे आहोत हे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळतं. सातारच्या बोर्डिंगातल्या पोरांना असं मूठभर ज्वारी हातात धरून कुणी उभं केलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी गावच्या शाळेत गेलो आणि मुख्याध्यापक बाईंना विचारलं, शाळेला काय हवं? बाई पटकन म्हणाल्या, "पंखा सोडून काहीही." मग त्यांनी वही उघडली. तिशीच्या आतल्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला १०,००० रुपये मिळतात, त्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि वीज. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून भिंतीवर मोठा टीव्ही बसवला होता, समारंभ झाला होता, आणि बिल थकल्यानं मीटर कापून नेल्यावर टीव्ही कापडाखाली झाकून ठेवला होता. मुलींचं स्वच्छतागृह कंपनीच्या पैशातून झालं होतं, छान टाइल्स होत्या, पण धुवायला माणूस ठेवायला तरतूद नव्हती म्हणून कुलूप. एप्रिल-मे मध्ये टँकर. वही बघून मला बँकेची आठवण झाली. भांडवली खर्चाची बाजू भरलेली आणि चालू खर्चाचा रकाना कोरा.

आम्ही काही जणांनी मग दरमहा थोडे थोडे पैसे काढायचं ठरवलं, वीजबिल आणि स्वच्छतागृह धुणाऱ्या बाईंचं मानधन एवढ्यापुरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, "यात दिसणार काय?" प्रश्न चुकीचा नव्हता. यात काहीच दिसत नाही. बल्ब लागतो, कुलूप उघडं असतं, संडासाला वास येत नाही. दुसऱ्या गटानं त्याच वर्षी शाळेला प्रवेशद्वार बांधून दिलं, काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत नावं आहेत. त्यांच्याशी आमचं भांडण नाही, दार चांगलं झालंय, मुलं त्यावर चढून बसतात. पण त्या दाराच्या खर्चात शाळेचं वीजबिल कितीतरी वर्षं भरता आलं असतं, हे मी गटावर लिहिलं आणि त्याला एकही अंगठा आला नाही. आमचेही काही जण मध्येच गळले. दर महिन्याला देणं कंटाळवाणं आहे. एकदा मोठं देऊन मोकळं होण्यात जे सुख आहे ते यात नाही, हे मान्य करायला हवं. आईला तरी रोज पहाटे भाकऱ्या थापायची कुठे हौस होती?

कुणाकडून तरी मूठभर घेऊन आपण इथवर आलो, असं ज्याला वाटतं त्याला माझी एक विनंती आहे. यंदा यात्रेला गावी जाल तेव्हा शाळेत हात हलवत जा. वस्तू नेऊ नका. बाईंना म्हणा, कुठलं बिल थकलंय ते दाखवा. त्यातलं तुम्हाला झेपेल असं एकच निवडा, पाच-सहा जणांत वाटून घ्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला ते भरा. पावती शाळेच्या नावानंच येते, तेव्हा ती शाळेतच राहू द्या.